जुन्या डॉस प्रोग्रामची सिम्बॉल यादी कशी काढावी

गोव्यात नव्वदच्या दशकात डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे हिशेबाचे प्रोग्राम ठिकठिकाणी होते: फोंडा-म्हापशाची दुकानं, पतसंस्था, खाणींची ऑफिसं. असा प्रोग्राम आज दुरुस्त करायचा तर बहुतेकदा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, मिळत नाही. हाती असते ती चालवायची ईएक्सई फाइल आणि नशीब असेल तर काही ओबीजे फाइली (कंपायलरने बनवलेले, जोडायचे तुकडे). कोणतं फंक्शन कुठल्या पत्त्यावर आहे हे सांगणारी सिम्बॉल यादी आधी काढा. लिहिणाऱ्याने दिलेली नावं त्यात असतात. ‘व्याज’, ‘येणेबाकी’ अशी नावं रोमन अक्षरांत दिसली की अर्धा प्रोग्राम उलगडतो.

त्याआधी फ्लॉपी सांभाळा. इथल्या पावसाळ्यात तिच्या चकतीवर बुरशी धरते. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची फ्लॉपीही ओरखडते. साडेतीन इंची फ्लॉपीची खिटी सरकवून भोक उघडं करा म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग संपूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या आणि पुढचं काम प्रतीवरच करा.

ओबीजे फाइली आणि लागणाऱ्या लायब्ररी असतील तर काम सोपं आहे. मायक्रोसॉफ्टचा लिंकर (ओबीजे जोडून ईएक्सई बनवणारा प्रोग्राम) ‘/मॅप’ या स्विचने आणि बोरलँडचा टीलिंक ‘/एम’ने मॅप फाइल, म्हणजे हीच सिम्बॉल यादी, तयार करतो. नुसती ईएक्सई असेल तर तिच्या हेडरमधून (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतून) प्रोग्रामचा आकार काढा: ५१२ बाइटची पानं किती आणि शेवटच्या पानात बाइट किती, हे तिथे लिहिलेलं असतं. फाइल त्याहून मोठी भरली तर मागे काहीतरी जोडलेलं आहे. ते ओव्हरले (गरज लागेल तेव्हा चढणारा कोड) असेल किंवा डीबग माहिती (नावं आणि पत्ते). बोरलँडची डीबग माहिती त्यांच्याच टीडंप या प्रोग्रामने वाचता येते. फाइलच्या शेवटच्या आठ बाइटांत ‘एनबी’ने सुरू होणारी खूण दिसली तर ती मायक्रोसॉफ्टच्या कोडव्ह्यू डीबगरची. काहीच जोडलेलं नसेल तर नावं परत मिळत नाहीत. गिड्रासारख्या डिसअसेम्ब्लरमध्ये (ईएक्सईतला कोड वाचनीय सूचनांत उलगडणाऱ्या प्रोग्राममध्ये) एकेक फंक्शन वाचून ती स्वतः द्यावी लागतात.

आता खरी मेख. मॅपमधला पत्ता प्रोग्रामच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो, मेमरीतला नव्हे. समजा, मॅपमध्ये ००१२:०१५४ समोर ‘_व्याज’ आहे (नावाच्या सुरुवातीची अधोरेषा सी कंपायलर लावतो). डॉसच्या डीबग या प्रोग्राममध्ये ईएक्सई उघडून ‘आर’ दाबा. डीएस या रजिस्टरमध्ये दिसतो तो पीएसपीचा (डॉस प्रोग्रामच्या आधी ठेवतो त्या माहितीच्या तुकड्याचा) सेगमेंट, म्हणजे पत्त्यातला ‘:’च्या आधीचा भाग, समजा ०७३४. पीएसपी २५६ बाइटची आणि सेगमेंटचा एकेक आकडा १६ बाइटचा, म्हणून सेगमेंटमध्ये हेक्समधले (१६ च्या पायावरच्या मोजणीतले) १०, म्हणजे १६, मिळवा: ०७४४. त्यात मॅपचे ००१२ मिळवले की ०७५६. म्हणजे व्याजाचं फंक्शन ०७५६:०१५४ वर. ही बेरीज हेक्समध्येच करायची. माउसचा ड्रायव्हर चढवला तरी सुरुवातीचा सेगमेंट बदलू शकतो, म्हणून दर वेळी ‘आर’ बघाच.

पत्ता बरोबर आहे का, हे ‘यू’ कमांडने त्या जागेचा कोड उलगडून पाहा. सीमधलं फंक्शन बहुधा ‘पुश बीपी’ आणि ‘मूव्ह बीपी, एसपी’ने सुरू होतं. तसं दिसलं नाही आणि मॅप नव्याने लिंक करून काढलेला असेल तर लायब्ररीची आवृत्ती वेगळी असण्याची दाट शक्यता आहे. तो मॅप या ईएक्सईसाठी वापरू नका. जुळलं तर ‘जी’नंतर तोच पत्ता देऊन प्रोग्राम चालवा. तो व्याजाच्या दारातच थांबेल आणि तिथून ‘टी’ने एकेक सूचना पुढे जाता येईल.

मॅप फाइल फ्लॉपीच्या इमेजच्या शेजारीच ठेवा आणि ओळखू आलेलं प्रत्येक नाव त्यात लिहीत जा.