टायर मोठे घेतले, मग कापाकापी

जिंतूरकडं आमचं शेत. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर नुसती काळी माती. टायरची नक्षी भरली की चाक भोपळ्यासारखं गुळगुळीत. म्हणून फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या) गाडीचे २४५/७५ आर १६ मापाचे टायर काढून २६५/७५ आर १६ चे, म्हणजे २४५ ऐवजी २६५ मिलिमीटर रुंदीचे, मड टायर (चिखलात चालणारे) टाकले. दुकानदार म्हणाला, "सरळ बसतात, काही करायची गरज नाही." बसले खरे. पण पहिल्याच वळणावर स्टेअरिंग पूर्ण मारलं अन् खर्रर्र!

परभणीच्या मिस्त्रीचाचांनी टायरच्या कडेला खडू घासला. "भाऊ, दोन्हीकडं फुल लॉक मारा," म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवा. जिथं घासतं तिथं चाकावरच्या कमानीतल्या प्लास्टिकवर पांढरा ठसा. मग एक चाक दगडांच्या ढिगावर चढवून पुन्हा तेच. सपाटीवर न लागणारी जागा तिथं सापडली. प्लास्टिकचा खालचा कोपरा कापला, स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट (चाक किती वळेल ते अडवणारा) थोडा बाहेर काढला. वळायला आता जागा जास्त लागते, चालायचंच.

टायर अन् प्लास्टिकमध्ये मी दोन बोटं फट ठेवली होती. चुकलं. काळी माती तिथं भरली, रात्रीत विटेसारखी वाळली, सकाळी परत खर्रर्र. शेवटी तीन बोटं ठेवली, तेव्हा कुठं सुटलो.

टायरचा व्यास ७७४ वरून ८०४ मिलिमीटर झालाय. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या वर असते. पिकअपही जरा मंदावलाय. स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे; ती लावली तर फोर बाय फोर अजिबात टाकायचं नाही, असं चाचांनी बजावलंय.