आयात शुल्क कमी केलं तर तूट कोण भरणार? सीजीई मॉडेल शिकायला बसणाऱ्यांसाठी

आयात शुल्क निम्मं केलं आणि त्याची भरपाई मूल्यवर्धित करातून केली, तर कोणाचं उत्पन्न वाढेल, कोणाचं घटेल, कोणते उद्योग आकसतील? एका बाजारातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखावर याचं उत्तर मिळत नाही. शुल्क उतरलं की आयात वाढते, परकीय चलनाची मागणी वाढते, देशाचं चलन घसरतं, त्यामुळे निर्यात वाढते, मजूर आणि भांडवल एका क्षेत्रातून दुसऱ्यात जातात आणि सरकारच्या तिजोरीत कमी पैसा येतो. हे सगळं एकाच वेळी सोडवतं ते संगणनीय सामान्य समतोल मॉडेल, रोजच्या बोलण्यात सीजीई. नवखे लोक त्यातल्या समीकरणांना घाबरतात. ती मात्र बरीचशी ठरलेली असतात आणि वाचून समजतात. शुल्क-कर सुधारणेचा निष्कर्ष फिरतो तो महसुलाची तूट मॉडेलमध्ये कोणाच्या माथी मारली आहे यावर. विकसनशील देशांत सीमेवर कर गोळा करणं सोपं, म्हणून महसुलात त्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे ही निवड तिथे आणखी जड ठरते.

सुरुवात 1-2-3 मॉडेलपासून करावी. एक देश, दोन उत्पादक क्षेत्रं, तीन वस्तू: निर्यातीची, देशातच खपणारी आणि आयातीची. देवराजन, लुईस आणि रॉबिन्सन यांनी मांडलेलं हे मॉडेल एक्सेलमध्ये सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारं साधन) लावून सुटतं. शुल्क बदलल्यावर विनिमय दर का हलतो हे इथे स्पष्ट दिसतं. पन्नास क्षेत्रांच्या मॉडेलमध्ये ते गर्दीत हरवतं. त्यानंतर पेप या संशोधन जाळ्याचं पेप-1-1 किंवा इफ्प्री या अन्नधोरण संशोधन संस्थेचं 2002 चं प्रमाण मॉडेल घ्यावं. दोन्ही गॅम्स या गणिती मॉडेलांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली आहेत, दोन्हींचा कोड खुला आहे. अनेक देशांचा आपसातला व्यापार पाहायचा असेल तर पर्ड्यू विद्यापीठातून चालणारा जीटॅप हा जागतिक व्यापाराचा आकडेसंच आणि मॉडेल आहे, पण तो नंतर. पहिल्याच वर्षी सगळा कोड स्वतः लिहायचा हट्ट नको. चालू कोड ओळीओळीने वाचावा, एक समीकरण मुद्दाम बिघडवावं आणि काय मोडतं ते पाहावं, याने जास्त शिकायला मिळतं.

कॅलिब्रेशन हाताने करून पाहा

आयातीचा माल आणि देशी माल एकमेकांची जागा किती घेतात हे पॉल आर्मिंग्टन यांनी 1969 मध्ये मांडलेल्या गृहीतकावर चालतं: दोन्ही माल एकाच प्रकारचे असले तरी ग्राहकाच्या लेखी तंतोतंत एक नसतात, आणि किमतींचं गुणोत्तर बदललं की खरेदीचं गुणोत्तर लवचिकतेच्या प्रमाणात बदलतं. मूळ वर्षाच्या आकड्यांवरून समीकरणातले गुणांक काढणं म्हणजे कॅलिब्रेशन. वह्या-पेन घेऊन हे गणित करा. सीमेवरच्या किमतीने आयात 100, तिच्यावर वसूल झालेलं शुल्क 20, देशी माल 480, लवचिकता 2. परिमाणाचं एकक असं निवडतात की सीमेवरची किंमत 1 होईल. म्हणजे आयातीचं परिमाण 100 आणि खरेदीदाराला पडणारी किंमत 1.2. देशी मालाचं परिमाण 480, किंमत 1. आयात भागिले देशी माल 0.2083. लवचिकता 2 असल्याने त्याचं वर्गमूळ घ्यायचं, 0.4564. त्याला 1.2 ने गुणलं की 0.5477. हे आयातीच्या वाटा-गुणांकाचं उरलेल्या वाट्याशी गुणोत्तर. त्यावरून गुणांक 0.354.

आता शुल्क विसरून आयातीचीही किंमत 1 धरली तर गुणांक 0.313 येतो. समीकरणात मात्र 20 टक्के शुल्क बसलेलंच आहे. मग धोरणात काहीच न बदलता, त्याच किमतींना आणि तेवढ्याच देशी मालाला, मागणीचं समीकरण आयात 100 ऐवजी 69.4 सांगतं. मूळ वर्ष जुळत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा मुळाशी हेच असतं: कुठल्या तरी किमतीतून कर गळलेला असतो. बरोबर गुणांक घेऊन शुल्क शून्यावर आणलं आणि देशी मालाची किंमत स्थिर धरली, तर आयात आणि देशी मालाचं गुणोत्तर 0.2083 वरून 0.30 होतं, म्हणजे 44 टक्के वाढ. लवचिकता 0.5 असती तर वाढ साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. अहवालात ज्या आकड्याला एक ओळही मिळत नाही, त्याचा परिणाम एवढा मोठा असतो.

सॅम जुळवणं

मॉडेलचा पाया म्हणजे सामाजिक लेखा सारणी, सॅम. ओळीत उत्पन्न, स्तंभात खर्च, आणि प्रत्येक खात्याची ओळ व स्तंभ यांची बेरीज सारखी. उत्पादन क्षेत्रं आणि वस्तू यांची खाती वेगळी ठेवा. त्यानंतर श्रम, भांडवल, जमीन, कुटुंबांचे गट, कंपन्या, सरकार, बचत-गुंतवणूक आणि उर्वरित जग. कर सुधारणेसाठी प्रत्येक कराला स्वतंत्र खातं हवंच. सगळे अप्रत्यक्ष कर एकाच ओळीत असतील तर पुढे शुल्क आणि विक्रीकर वेगळे काढता येत नाहीत.

पुरवठा-वापर तक्ते, राष्ट्रीय लेखे, सीमाशुल्क खात्याचे आकडे आणि कुटुंब सर्वेक्षण हे चार स्रोत कधीच आपोआप जुळत नाहीत. सर्वेक्षणातला घरखर्च राष्ट्रीय लेख्यांपेक्षा बराच वेगळा निघतो. अशा वेळी सर्वेक्षणातून फक्त वाटे घ्यावेत, एकूण आकडा राष्ट्रीय लेख्यांचा ठेवावा. जुळवणीसाठी ओळी-स्तंभांच्या बेरजा पक्क्या ठाऊक असतील तर ओळी आणि स्तंभ आळीपाळीने प्रमाणात आणणारी रास पद्धत पुरते. बेरजाच अनिश्चित असतील, किंवा काही आकडे जास्त भरवशाचे असतील, तर क्रॉस-एन्ट्रॉपी, म्हणजे मूळ आकड्यांपासून कमीत कमी दूर जाऊन जुळवणारी पद्धत. कोणतीही पद्धत वापरा, पण सीमाशुल्काची प्रत्यक्ष वसुली आणि देशाचा आयात-निर्यात ताळेबंद आधी बांधून ठेवा. नाहीतर जुळवणीचा कोड नेमके तेच आकडे हलवतो ज्यांचा अभ्यास करायचा आहे. ऋण आकड्यांनीही घात होतो: साठ्यातली घट, अनुदानं, सरकारची ऋण बचत. साठ्याला वेगळं खातं द्या. आणि एखाद्या वस्तूची निर्यात तिच्या देशी उत्पादनापेक्षा जास्त दिसली, तर तो माल बाहेरून येऊन तसाच पुढे गेलेला असतो. तो आयात आणि निर्यात दोन्हींतून वजा करावा, नाहीतर देशात विकलेला माल ऋण येतो.

शुल्काचा दर कायद्यातला घ्यायचा की वसुलीवरून काढलेला? सॅम फक्त वसुलीचा दर ओळखते: वसूल रक्कम भागिले आयातीचं मूल्य. सवलती, निर्यात क्षेत्रांना मिळणारी सूट आणि गळती यांमुळे तो कायद्यातल्या दरापेक्षा कमी असतो. कायद्यातला दर 20 वरून 10 झाला म्हणून मॉडेलमध्ये वसुलीचा 8 टक्के दर 10 करणं ही हास्यास्पद वाटणारी पण खरोखर होणारी गोष्ट आहे. बदल प्रमाणात लावा, आणि सवलतीही जाणार असतील तर ते वेगळा प्रयोग म्हणून चालवा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: शुल्क इतकं जबर असेल की आयातच होत नाही, तर त्याचं वजन शून्य ठरतं, आणि आर्मिंग्टनच्या चौकटीत शून्य असलेली आयात, शुल्क काढल्यावरही शून्यच राहते.

क्लोजर

चलं आणि समीकरणं सारखी करण्यासाठी काय स्थिर ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, त्याला क्लोजर म्हणतात. अमर्त्य सेन यांनी 1963 मध्ये दाखवलं होतं की गुंतवणूक, पूर्ण रोजगार आणि घटकांचे मोबदले यांवरच्या सगळ्या अटी एका वेळी पाळता येत नाहीत. एक सोडावी लागते. सोडलेली अटच उत्तर ठरवते.

एकच शुल्ककपात घ्या. सरकारी बचत मोकळी सोडली आणि गुंतवणूक बचतीमागे चालते असं धरलं, तर तूट गुंतवणुकीवर पडते. कुटुंबांचा उपभोग वाढलेला दिसतो आणि कल्याण वाढलं असा निष्कर्ष निघतो, पण तो उद्याचं भांडवल आज खाऊन आलेला असतो, आणि एका वर्षाच्या मॉडेलला उद्या दिसत नाही. परदेशी बचत मोकळी सोडली तर आयातीचा वाढीव खर्च कर्जातून भागतो. ते कर्ज कधी फेडावं लागेल हे मॉडेल विचारत नाही. म्हणून सुधारणेची खरी किंमत मोजायची असेल तेव्हा परदेशी बचत, सरकारचा वास्तव खर्च, सरकारी बचत आणि वास्तव गुंतवणूक बांधून ठेवा, विनिमय दर मोकळा सोडा, आणि एखाद्या कराचा दर स्वतः वर चढून तूट भरेल अशी सोय करा. मग तोच प्रयोग दुसऱ्या भरपाई कराने चालवा: एकदा मूल्यवर्धित कर, एकदा आयकर. दोन्हींतला फरक हाच धोरण ठरवणाऱ्यांच्या कामाचा असतो.

श्रमबाजाराचंही तसंच. पूर्ण रोजगार धरला तर मजूर फक्त जागा बदलतात. अकुशल मजुरांचं वेतन बांधून बेरोजगारी मोकळी सोडली तर निर्यात वाढताच रोजगारही वाढतो आणि फायदा फुगतो. अल्पकाळासाठी भांडवल क्षेत्रापुरतं अडकलेलं धरा, दीर्घकाळासाठी मोकळं.

मूल्यवर्धित कर आणि अनौपचारिक क्षेत्र

मूल्यवर्धित कर म्हणजे विक्रीवर सरसकट टक्केवारी, असं लिहिलं की चूक होते. नोंदणी असलेल्या उत्पादकाला कच्च्या मालावरचा कर परत मिळतो. करमुक्त किंवा बिगरनोंदणी उत्पादकाला तो मिळत नाही, त्याचा कर खर्चात मुरतो. म्हणून तो कर अंतिम उपभोगावर आणि करमुक्त क्षेत्रांच्या मध्यवर्ती खरेदीवर लावा, निर्यातीवर शून्य. अनौपचारिक क्षेत्र वेगळं उत्पादन क्षेत्र म्हणून ठेवलं नाही, तर शुल्क काढून हा कर वाढवणं नेहमीच फायद्याचं दिसतं. एम्रान आणि स्टिग्लिट्झ यांनी 2005 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: अनौपचारिक भाग कराबाहेर राहत असेल तर अशी अदलाबदल कल्याण घटवूही शकते. याच्या उलट बाजूही तपासा, कारण सीमेवर वसूल झालेला मूल्यवर्धित कर बिगरनोंदणी उत्पादकांपर्यंतही पोचतो.

प्रयोग चालवण्याआधी

काहीही धक्का (धोरणातला बदल) न देता मॉडेल चालवा. प्रत्येक चल सॅममधल्या आकड्यावरच थांबलं पाहिजे. गॅम्सच्या लिस्टिंग फाइलमध्ये समीकरणांच्या यादीत ‘इन्फेस’ (INFES) हा शब्द शोधा, ज्या समीकरणासमोर तो दिसेल तिथे कॅलिब्रेशन फसलं आहे. मग आधार-किंमत, म्हणजे जिच्या तुलनेत बाकी सगळ्या किमती मोजतात ती, दुप्पट करा: सगळ्या किमती आणि पैशातली मूल्यं दुप्पट, परिमाणं जशीच्या तशी. एखादं परिमाण हललं तर कुठेतरी पैशात बांधलेली रक्कम निसटली आहे, बहुधा सरकारी मदत किंवा परदेशातून येणारे पैसे. वालरासच्या नियमामुळे (बाकी सगळे बाजार जुळले की शेवटचा आपोआप जुळतो) एक समीकरण जादा असतं. त्यात घातलेलं वालरास चल धक्क्यानंतरही शून्य राहिलं पाहिजे. मूळ वर्षात शून्य आणि नंतर नाही, तर एखाद्या खात्यातून पैसा गळतो आहे. सॉल्व्हर अडकला तर आधी आकड्यांचं माप बघा: एक खाना कोटीत आणि दुसरा पैशात अशी सॅम सुटत नाही. मोठे खाने शेकड्यांत येतील इतकं भागा, आणि मोठा धक्का टप्प्याटप्प्याने द्या.

घरखर्चासाठी रेषीय खर्च प्रणाली (आधी किमान गरजेचा खर्च, उरलेला ठरलेल्या वाट्यांनी) वापरत असाल तर उत्पन्न लवचिकतांची, खर्चाच्या वाट्यांनी भारित केलेली बेरीज 1 यायलाच हवी. बाहेरच्या अभ्यासातून उचललेल्या लवचिकता क्वचितच तशा येतात, त्या आधी प्रमाणात आणाव्या लागतात. व्यापाराच्या लवचिकता निम्म्या आणि दुप्पट करून प्रत्येक मुख्य प्रयोग पुन्हा चालवा. आकडे बदलतीलच, दिशा बदलते का ते पाहा, आणि ज्या क्षेत्रात दिशा बदलते त्या क्षेत्राबद्दल ठाम विधान करू नका. गरिबीवरचा परिणाम हवा असेल तर कुटुंबांच्या दहा गटांची सरासरी पुरत नाही. मॉडेलमधून आलेले वेतन आणि किमतींचे बदल सर्वेक्षणातल्या प्रत्येक कुटुंबावर लावावेत. आणि तक्त्याच्या वर, शीर्षकाच्या लगेच खाली, तूट कोणत्या कराने भरली ते लिहावं, तळटिपेत नव्हे.