रिकॉलचा फोन आला तर आधी चेसिस नंबर काढा

कोल्हापुरात एका अधिकृत वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होते. रिकॉल म्हणजे दोष निघालेल्या गाड्या कंपनीने फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं. कंपनीकडून अशी यादी आली की गाडीमालकांना फोन लावायचं काम माझ्याकडे यायचं. समोरची उत्तरं ठरलेली असायची. "मॅडम, गाडी झ्याक पळतिया, कशाला हात लावायचा?" नाहीतर, "फुकट म्हणताय, आन् आल्यावर बिल हातात ठेवणार." तिसरं उत्तर रागाचं. "म्हंजे खराब माल आमच्या गळ्यात मारलाय की!"

तो राग मला समजतो. घाम गाळून, हप्ते भरून घेतलेली गाडी असते. पण ज्या कंपनीने दोष सापडल्याबरोबर सांगितलं तिच्यावर लोक तुटून पडतात, आणि जिने गप्प बसून वर्षं काढली तिचं नावही कुणाला कळत नाही, हे मी जवळून पाहिलंय. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या ऑल्टो के-१०, एस-प्रेसो, इको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा. एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याची शक्यता होती, आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कंपनीने जाहीरपणे सांगितलं. शोरूममधून नुकती आलेली गाडी दारात उभी करून ठेवा म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. तरी मला ते वागणं पटलं. शेवटची गाडी बनल्यावर आठवड्याभरात मालकाला खरं सांगितलं गेलं होतं.

तेव्हा फोन आला किंवा बातमी वाचली तर काय करायचं, ते सांगते. फोन न येताही हे करता येतं, आणि जुनी गाडी असेल तर करायलाच हवं.

पहिलं काम चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतःचा ओळख नंबर. रिकॉल मॉडेलवर ठरत नाही, ठराविक काळात बनलेल्या ठराविक गाड्यांवर ठरतो. शेजाऱ्याची तीच गाडी यादीत असेल आणि तुमची नसेल, किंवा उलट. हा नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो. आरसीवर असतो, विम्याच्या पॉलिसीवर असतो, डिजिलॉकरमधल्या आरसीवरही मिळतो. पण सेकंडहँड गाडी असेल तर कागदावर विसंबू नका, गाडीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखालच्या कार्पेटला छोटी झडप असते तिच्या आत. दुचाकीला हँडलच्या मानेवर. तिथे ग्रीस आणि धूळ बसलेली असते. फडक्याने पुसा, वरून पांढरा खडू हलका घासा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. अक्षरं उठून दिसतात. फोटो काढून ठेवा. आणि एक ध्यानात असू द्या, या नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. ओ दिसला तर तो शून्य आहे, आय दिसला तर एक. "वेबसाइटवर नंबरच घेत नाही" म्हणून काउंटरवर येणाऱ्यांपैकी अनेकांचं घोडं इथेच अडलेलं असायचं.

नंबर हातात आला की कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलचं पान शोधा आणि तो टाका. ते पान कधी "सर्व्हिस कॅम्पेन", कधी "प्रॉडक्ट अपडेट" अशा नावाखाली असतं, म्हणून एका नावाने सापडलं नाही तर थांबू नका. मार्च २०२३ मध्ये ओला इलेक्ट्रिकने स्कूटरचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, फुकट बदलून देऊ केला तेव्हा त्याला अपग्रेड म्हटलं होतं, आणि लोकांची काळजी निराधार आहे असंही सोबत सांगितलं होतं. अशा वेळी बातमीत रिकॉल शोधणाऱ्याला काही सापडत नाही. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिच्या वेबसाइटवरही कंपन्यांनी स्वतःहून केलेल्या रिकॉलची यादी असते. उत्तर "नाही" आलं तरी स्क्रीनशॉट ठेवा, आणि दर सर्व्हिसिंगला पुन्हा बघा. आज यादीत नसलेली गाडी पुढच्या वर्षी येऊ शकते.

आता ज्यांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची आहे त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे.

कंपनीकडे पहिल्या मालकाचा नंबर असतो. एकदा मी एका जुन्या सेडानच्या एअरबॅगसाठी फोन लावला, तर तो मुंबईत लागला. त्या गृहस्थांनी गाडी कधीच विकली होती. कुणाला? एजंटला. एजंट कोण? आठवत नाही. गाडी आमच्या भागात कुठेतरी आहे एवढंच विम्याच्या चौकशीवरून कळत होतं. पुढे महिन्याभराने तीच गाडी एक गूळव्यापारी एसी दुरुस्तीला घेऊन आले, नंबर टाकल्यावर स्क्रीनवर ओपन कॅम्पेन, म्हणजे करायचा राहिलेला रिकॉल दिसला, तेव्हा कुठे पार्ट बदलला. एसी बिघडला नसता तर ती गाडी आमच्याकडे आलीच नसती.

ती एअरबॅग कसली होती ते सांगते, म्हणजे "झ्याक पळतिया" हे उत्तर का चालत नाही ते कळेल. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगमध्ये फुगा फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलेलं असायचं. धातूच्या डबीत त्याच्या वड्या. उष्णता आणि दमट हवा वर्षानुवर्षं लागली की त्या वड्या भुसभुशीत होतात, आणि अपघाताच्या क्षणी हव्या त्यापेक्षा फार वेगाने पेटतात. मग डबीच फुटते आणि पत्र्याचे तुकडे फुग्याचं कापड फाडून समोरच्या माणसात घुसतात. जुलै २०१४ मध्ये मलेशियात २००३ सालच्या होंडा सिटीत एक गरोदर बाई अशीच दगावली. अमेरिकेत असे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर, म्हणजे फुगा फुगवणाऱ्या डब्या, परत मागवावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये ताकाताने चाचण्यांचे आकडे खोटे दिल्याबद्दल गुन्हा कबूल करायचं मान्य केलं आणि जूनमध्ये दिवाळं काढलं. भारतात होंडाने टप्प्याटप्प्याने जॅझ, सिटी, सिव्हिक, अकॉर्ड बोलावल्या. यातलं काहीही चालवताना जाणवत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, ॲव्हरेज कमी होत नाही. त्या काळातली गाडी आज रत्नागिरी-मालवणच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत कुणी चालवत असेल, तर त्याने आजच्या आज नंबर तपासावा. आणि अपघातानंतर भंगारबाजारातली जुनी एअरबॅग कुणी स्वस्तात बसवून देतो म्हणाला तर बिलकूल बसवू नका.

सेकंडहँड गाडी घेतली की आरसीची प्रत घेऊन कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला जा आणि त्यांच्या सिस्टिममध्ये तुमचं नाव आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. सर्व्हिसिंग बाहेर करणार असाल तरी हे करा, पैसे लागत नाहीत. सरकारच्या 'वाहन' या गाडी-नोंदणीच्या पोर्टलवरही स्वतःचा मोबाईल जोडा. गाडी विकताना नव्या मालकाचा नंबर वर्कशॉपला कळवा.

वर्कशॉपला जाताना

आधी फोन करा आणि नेमकं विचारा: "माझ्या चेसिस नंबरवर कॅम्पेन ओपन दाखवतंय का, आणि पार्ट आलाय का?" रिकॉल जाहीर होतो त्या दिवशी सगळ्या वर्कशॉपमध्ये पार्ट पोचलेले नसतात. पार्ट नसताना गेलात तर दिवस वाया जातो आणि राग काउंटरवरच्या पोरावर निघतो, ज्याच्या हातात काहीच नसतं. पार्ट यायला वेळ असेल तर तसं मेलवर लिहून मागा. एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट, फ्युएल पंप यांचा दोष असेल तर "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणू नका. फ्युएल पंप बिघडला तर चालती गाडी बंद पडू शकते, आणि ती आंबा घाटाच्या वळणावर बंद पडली तर काय होईल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. नोटिशीत चालवू नका म्हटलं असेल तर गाडी टो करून न्यायला सांगा. ती मागणी रास्त आहे.

रिकॉलचं काम फुकट असतं. वॉरंटी संपली असो, सर्व्हिसिंग बाहेर केलेलं असो, गाडी दुसऱ्या गावात घेतलेली असो. सोबत सर्व्हिसिंग करायची सक्ती नसते. ॲडव्हायझरला महिन्याचं टार्गेट असतं, त्यामुळे एसी डिसइन्फेक्टंट, इंजिन फ्लश, कोटिंग असं काहीबाही पुढे येईल. "आज फक्त रिकॉल" एवढं म्हणा. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉप काम लिहितं त्या कागदावर, रिकॉलचा नंबर आणि शून्य रकमेचा अंदाज लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

गाडी परत घेताना शून्य रकमेचं का होईना, बिल मागा, आणि त्यावर नव्या पार्टचा नंबर असलाच पाहिजे. यावर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांची किल्ली गुडघ्याच्या धक्क्याने किंवा जड जुडग्याने फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एअरबॅगही बंद. कंपनीतल्या इंजिनिअरांना हे २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच दिसलं होतं. २००६ च्या सुमाराला त्यांनी स्विच गुपचूप सुधारला, पण पार्टचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला, बाहेरच्याला कळायला मार्गच नव्हता. २०१० मध्ये जॉर्जियात एक तरुण नर्स अपघातात गेली, तिच्या घरच्यांनी खटला लावला, आणि त्यांच्या तज्ज्ञाने गाडीतला स्विच आणि डीलरकडून आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून तपासले तेव्हा फरक उघडा पडला. रिकॉल आला २०१४ मध्ये, साधारण २६ लाख गाड्यांचा. कंपनीच्या प्रमुख मेरी बारा संसदीय समितीपुढे आल्या तेव्हा गेलेल्यांचे नातेवाईक फोटो घेऊन तिथे आले होते. भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. माझ्या मते राग यायला हवा तो इथे, दडवण्यावर आणि उशिरावर.

काम झाल्यावर काही दिवसांनी वेबसाइटवर पुन्हा नंबर टाका. कॅम्पेन क्लोज दिसायला हवं. ओपनच दिसत असेल तर बिल घेऊन परत जा.

यादीत नसलेला दोष दिसला तर

ब्रेक अचानक लागत नाही, चालत्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं, बॅटरीतून धूर येतो, आणि वर्कशॉप म्हणतं "सगळ्यांचंच असं आहे". सगळ्यांचंच असेल तर ते मालकांनी कागदावर आणलं पाहिजे. लोक व्हॉट्सॲप ग्रुपवर भडास काढतात आणि तिथेच थांबतात. सरकारदरबारी मोजली जाते ती नोंदवलेली तक्रार.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आलं आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. बनून सात वर्षं न झालेल्या गाडीचा मालक वाहन पोर्टलच्या रिकॉल पानावर सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवू शकतो. एका मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या मानाने ठराविक संख्येला पोचल्या की चौकशी होऊन सक्तीचा रिकॉल होऊ शकतो, आणि दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवला तर हा दंड नाही. म्हणून प्रत्येक मालकाची नोंद महत्त्वाची. तक्रारीत तारीख, किलोमीटर, वेग, रस्ता, आणि दोष पुन्हा कसा दिसतो ते लिहा. व्हिडिओ असेल तर काटछाट न करता जपा. प्रत्येक जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका.

बोललेलं वाया जात नाही याचे दाखले आपल्याकडे आहेत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला ओलाची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला, एप्रिलमध्ये नितीन गडकरींनी सदोष गाड्या परत घ्या, नाहीतर दंड होईल असं बजावलं, आणि त्याच आठवड्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला नोटीस काढली ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारींच्या जोरावर. त्यातल्या ९९.१ टक्के सोडवल्याचं कंपनीने कळवलं.

ती हेल्पलाइन १९१५ क्रमांकावर आहे. तिथे नोंद केल्यावर मिळणारा डॉकेट नंबर कंपनीला पाठवायच्या मेलमध्ये घाला. तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं. गाडीची मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रार मराठीत लिहा, वकील नसला तरी चालतो. सोबत आरसी, खरेदीचं बिल, जॉब कार्डं, मेल आणि चेसिस नंबरचा तो फोटो, सगळं तारखेनुसार लावून, प्रत्येक पानावर आकडा टाकून न्या.