वरणभातावर कुलूप: बोललेल्या मराठीत एन-४०० कशी मोजावी

ऐकलेला शब्द वाक्याच्या अर्थात बसला की नाही, हे शब्द सुरू झाल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी ईईजीत, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदीत, दिसतं. टाळूवर आणि तिच्या मागे ऋण दिशेची एक लाट येते, ती एन-४००. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली ती वाचलेल्या वाक्यांवर दाखवली. लाट नेहमीच्या शब्दालाही येते, न बसणाऱ्याला मोठी येते. म्हणून मोजायचा तो दोन्हींतला फरक.

खरी मेहनत वाक्यांची. 'आईने वरणभातावर तूप वाढलं' याची जोडी 'आईने वरणभातावर कुलूप वाढलं'. इथे 'चष्मा' चालत नाही. तो 'वाढलं'शी लिंगात जुळत नाही आणि व्याकरणाच्या चुकीची पी-६०० ही वेगळीच लाट मध्ये येते. नुसतं 'भातावर'ही नको, कारण मग वरणही सुचतं. प्रयोगात नसलेल्या वीसेक जणांना अर्धं वाक्य द्या. दहांतल्या आठांनी एकच शब्द सांगितला तरच ते ठेवा. 'दाराला कुलूप लावलं' हेही वाक्य घ्या आणि तिथे 'तूप' घाला. मग फरक शब्दाचा उरत नाही, संदर्भाचा उरतो. प्रत्येक प्रकारची चाळीसेक वाक्यं हवीत; एका माणसाला वाक्याचं एकच रूप ऐकवा.

विचित्र वाक्य वाचताना वाचणारा अडखळतो, आणि आवाजच आधी चुगली करतो. म्हणून सरळ वाक्यंच रेकॉर्ड करा आणि शब्दांची अदलाबदल संगणकावर करा. 'त' आणि 'क'च्या आधी आवाज क्षणभर बंद असतो. काप तिथे घ्या, वेळेची खूण आवाज फुटतो तिथे. साउंड कार्ड उशीर करतं. आवाजाची तार ईईजीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मोकळ्या चॅनेलला जोडून तो मोजा. उशीर ठरावीक असेल तर वजा करता येतो. दर वेळी बदलत असेल तर सरासरीत लाट पसरट होते.

येणाऱ्याला केस धुऊन, तेल न लावता यायला सांगा. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही.

संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो, कानांमागच्या हाडांवर घ्या. टाळूवर घेतलात तर लाट तिथेच वजा होऊन जाते. फिल्टर ०.१ ते ३० हर्ट्झ. खालची मर्यादा १ हर्ट्झवर नेली की आलेख सुबक दिसतो, पण एन-४०० खुजी होते. शब्दाआधीचे २०० मिलिसेकंद आधाररेषा, म्हणजे लाट मोजायची ती शून्य पातळी, १०० मायक्रोव्होल्टपलीकडे जाणारे नोंदीचे तुकडे बाद, आणि ३०० ते ५०० मिलिसेकंदांची सरासरी. ऐकताना लाट लांबते, म्हणून ही खिडकी रुंद करायची असेल तर आकडे पाहण्याआधीच ठरवा.