माजी सैनिकाच्या युद्धस्मृती नोंदवताना

कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावात, पिढ्यानपिढ्या फौजेत जाणारी घराणी आहेत. परंतु त्या माणसांनी युद्धात आणि युद्धानंतर काय सोसले, याची लेखी नोंद फार थोड्या घरांत आढळते. ती करायची असेल, तर प्रश्नांपूर्वी कागद पाहावेत. डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेत, सैनिक क्रमांक, पलटण आणि सेवाकाल मिळतो, तर जुन्या पदकाच्या कडेवर पुष्कळदा क्रमांक आणि नाव कोरलेले असते.

पणजोबा पहिल्या महायुद्धातून परतले नसतील, तर हा क्रमांक फारच मोलाचा ठरतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी कुत या शहराला तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करल्यावर उरलेले जवान कैदेत गेले. बसरा येथील स्मारकावर मृत ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. भारतीय जवानांची मात्र पलटणीनिहाय केवळ संख्या नोंदवली गेली. हा अन्याय आहे, आणि म्हणूनच राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (इंग्रजीत सीडब्ल्यूजीसी) संकेतस्थळावर क्रमांक व नाव दोन्ही टाकून शोध घ्यावा. इंग्रजांनी मराठी नावे कानाला पडतील तशी लिहिली असल्याने स्पेलिंग बदलून पुन्हा पाहावे.

1965, 1971, श्रीलंका किंवा कारगिल पाहिलेला माणूस घरातच असेल, तर त्यांना गाव ज्या हुद्द्याने हाक मारते त्याच हुद्द्याने, सुभेदारसाहेब किंवा हवालदारसाहेब म्हणून, संबोधावे आणि सुरुवात भरतीच्या दिवसापासून करावी. लढाईचा विषय त्यांनी स्वतः काढेपर्यंत थांबावे. किती शत्रू मारले, हा प्रश्न कधीही विचारू नये. थंडी, शिधा, घरची पत्रे, शेजारच्या खंदकातला सोबती आणि सुट्टीवर आल्यानंतरचे पहिले काही दिवस यांविषयी विचारले, तर माणूस मोकळा होतो, असे मला वाटते. बोलता बोलता ते गप्प झाले, तर मोबाईलवरील रेकॉर्डिंग बंद करून चहा मागवावा आणि त्या दिवशी पुन्हा तो विषय काढू नये.

त्यांच्या पत्नीशी वेगळे बोलणे मी अत्यावश्यक मानतो. रात्री दचकून उठणे, दिवाळीच्या फटाक्यांनी बेचैन होणे, दारू वाढणे किंवा मुलांवर विनाकारण भडकणे यांचा तपशील बहुधा तिच्याकडेच असतो, आणि युद्धाची खरी किंमत तिनेही मोजलेली असते. अशी लक्षणे आजही दिसत असतील, तर ती स्वभावावर ढकलू नयेत. हा मनावरच्या आघाताचा परिणाम असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड असल्यास तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची मागणी करावी, किंवा 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करावा; तेथे मराठीतून, विनामूल्य बोलता येते.

लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवावा आणि जे नाव वा प्रसंग ते वगळायला सांगतील, तो कारण न विचारता वगळावा.