करवंदाच्या वेगळ्या जाती परसात लावायच्या तर

आधी एक विषय निकालात काढू. विलायती ब्लॅककरंट, रेडकरंट खान्देशात लावायच्या भानगडीत पडू नका. त्या झुडपांच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी हजार तासांच्या आसपास लागते, काहींना त्याहून जास्त. भुसावळात कुठून आणणार? ऑनलाइन रोप येतं, श्रावणात टवटवीत दिसतं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात काडी होतं. वाण्याकडे पाकिटात ब्लॅक करंट म्हणून मिळतं ती वाळलेली बारीक काळी द्राक्षं असतात, ती पेरून काही उगवायचं नाही. आपल्या उन्हाला, आपल्या मातीत टिकणारं आंबटगोड झुडूप म्हणजे करवंद. त्यातही डोंगरातलं काळं करवंद सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे वेगळ्या जातींचंच बोलू.

जाती ठरवा. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या तीन आहेत: पंत मनोहरची फळं पांढुरकी, वर गडद गुलाबी झाक, पंत सुदर्शनचीही पांढऱ्यावर गुलाबीच, पंत सुवर्णाची हिरव्यावर गर्द तपकिरी. दापोलीच्या विद्यापीठाची कोकण बोल्ड मोठ्या फळाची, पिकल्यावर काळी, खायला हीच बरी. गुलाबी-पांढरी फळं लोणच्याला आणि मुरांब्याला. बेकरीतली लाल ‘चेरी’ बऱ्याचदा अशाच करवंदांना पाकात घोळून आणि रंग देऊन केलेली असते. पाचवं नाव नाताळ प्लम, हा आफ्रिकेतला भाऊबंद. फूल मोठं, वासाचं, फळ लालभडक. पण एकटं झाड फुलतं आणि फळ धरत नाही, ही नेहमीची तक्रार. ते घ्यायचंच असेल तर वेगवेगळ्या ठिकाणाहून दोन झाडं घ्या आणि संध्याकाळी बारीक कुंचल्याने एका झाडाचा पराग दुसऱ्याला लावायची तयारी ठेवा. तेवढा उरक नसेल तर नाताळ प्लम सोडा.

आता नावाच्या पट्ट्या. हो, रोपांच्याही आधी. लावणीच्या घाईत राहून जातं ते हेच, म्हणून ते आधी. करवंदाच्या या जातींची पानं, काटे, चीक सगळं सारखं. फळ लागायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि मनोहर-सुदर्शन तर फळ हातात घेऊनही चटकन वेगळे सांगता येत नाहीत. म्हणजे नाव एकदा हरवलं की हरवलं. ते हरवतं कधी, तर लावतानाच. नर्सरीवाला नाव पिशवीवर लिहितो नाहीतर पिशवीला चिठ्ठी बांधतो. आपण पिशवी ब्लेडने फाडतो, रोप खड्ड्यात, पिशवी कचऱ्यात. म्हणून पिशवी फाडायच्या आधी पट्टी खड्ड्याशी रोवलेली पाहिजे. नंतर नाही, आधी.

पट्टी कशाची? मार्करने प्लास्टिकवर लिहिलेलं आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. शाई पुसट होते, मे महिन्यात प्लास्टिकच तडकतं. कोल्ड्रिंकचा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, वरचा-खालचा भाग कात्रीने काढा, राहिलेल्या पत्र्याच्या इंचभर रुंद, बोटभर लांब पट्ट्या कापा. कडा हाताला कापतात, चिमट्याने दुमडून घ्या. पट्टी जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहा: जात, कुठून आणली, वर्ष. अक्षर पत्र्यात खोल उमटतं, त्याला ऊन-पाऊस काही करत नाही. पट्टी फांदीला बांधू नका. फांदी जाड झाली की तार सालीत रुतते, आणि छाटणीत फांदीबरोबर पट्टीही जाते. दीड फुटाच्या लोखंडी सळईला बांधा. तशीच दुसरी पट्टी झाडाच्या उत्तरेला वीतभर खोल पुरून टाका, कारण सळई पोरं उपटतात. आणि वहीत नकाशा: भिंत कुठे, नळ कुठे, भिंतीपासून किती फुटांवर कोणती जात. तिन्ही करा. तिन्हीचा खर्च चहाच्या कपाइतका नाही.

रोप घेताना विचारायचा प्रश्न एकच: गुटीचं (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं) की बियांचं? बियांपासून आलेलं करवंद आईसारखंच निघेल याची खात्री नाही. गुलाबीच्या बीतून कोणतंही येऊ शकतं. कुंपणाला लावायचं असेल तर बियांचं चालेल, स्वस्तही पडतं. पण जात म्हणून पैसे देताय तर गुटीचंच घ्या. पिशवी उलटी करून तळ बघा. मुळ्यांचा गोल गुंडाळा झाला असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय, दुसरं मागा. फूटभर ते दीड फुटाचं, तुकतुकीत पानांचं रोप पुरे. कमरेएवढं घ्यायची हौस नको.

जागा. दिवसभर ऊन हवं, सावलीत फळ कमी. जाण्यायेण्याच्या वाटेपासून, कपड्यांच्या दोरीपासून आणि गाडी लावता तिथून लांब. काटा सरळ, टणक, जोडीने येतो आणि रुतला की जागा दोन दिवस ठणकते. दोन झाडांत ७ ते ८ फूट, कंपाउंडच्या भिंतीपासून किमान ४ फूट, नाहीतर भिंतीकडची फळं तोडायला माणूस आत शिरणार कसा? कुंपणच करायचं असेल तर ३ फुटांवर लावा, पण मग फळाची फार अपेक्षा नको.

माती आणि खड्डा, इथे मात्र थांबा. करवंद मुरमाड, खडकाळ, हलक्या जमिनीचं झाड. सातमाळ्याच्या उतारावर पाटणादेवीकडे ते कशात उभं असतं ते आठवा. आपल्या परसात असते तापी-गिरणेच्या काठची काळी, चिकट माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळ्या मुळ्या तोडते. पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि त्याच मुळ्या कुजवते. खड्डा २ फूट लांब, २ रुंद, २ खोल, आखाजीच्या सुमारास खणून पंधरा दिवस उन्हात तापू द्या. खणताना कुदळीने बाजू गुळगुळीत होतात, काळ्या मातीत तर सारवल्यासारख्या. त्या बाजू टोकाने खरवडून खडबडीत करा, नाहीतर मुळ्या खड्ड्यातच गोल फिरतात आणि पाणीही बाहेर झिरपत नाही. मग परीक्षा: खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तळाशी पाणी दिसलं तर त्या जागेवर सपाटीला लावू नका. फूटभर उंच, ३ ते ४ फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावा आणि उताराच्या बाजूला चर काढा. खड्ड्याच्या तळाशी नुसते दगड भरून निचरा होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. चारी बाजूंनी काळी माती असताना दगडांतलं पाणी जाणार कुठे? निचरा उंचवट्याने होतो, चराने होतो.

भरायला एक भाग निघालेली माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत.  वर अर्धा किलो निंबोळी पेंड, वाळवीसाठी. कच्चं शेण नको, वाळवी तेच शोधत असते. पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, तुकडेही खड्ड्यात पुरू नका. भरून एक-दोन पाऊस पडू द्या, भराव खाली बसतो, मग वर आणखी घाला. आणि पट्टी? खड्डे भरून झाले की सळया पट्ट्यांसकट लगेच ठोकून टाका. रोपं अजून नर्सरीत असली तरी.

जमीनच नसेल तर २०० लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून त्याचे दोन करा, बुडाला बोटभर रुंद आठ-दहा भोकं पाडा, विटांवर ठेवा. स्लॅबला टेकवलात तर मेमध्ये मुळं शिजतात. ड्रमवर पेंटने नाव लिहा; तोही काही काळाने उडतो, म्हणून आत पट्टीही पुरा.

लावणी जूनच्या शेवटी किंवा जुलैत, पाऊस जमिनीत नीट मुरल्यावर. पहिल्या सरीला धावू नका. आपल्याकडे जूनचा पाऊस दडी मारतो आणि ४० अंशांचं ऊन परत येतं. ढगाळ दुपार पाहा. पिशवी फाडण्याआधी तिच्यावरचं नाव आणि सळईवरचं नाव मोठ्याने वाचा, जुळलं तरच फाडा. दोघं जण लावत असाल तर एकाच्या हातात एकच जात. चार जाती एका घमेल्यात ठेवून खड्ड्यांवर फिरलात तर संपलंच. मुळ्यांचा गोळा न फोडता ठेवा, पिशवीतल्या मातीच्या रेषेपर्यंतच बुजवा, पायाने हलकं दाबा. पाणी. काठीचा आधार.

पहिला उन्हाळा हाच कठीण, पुढचे झाड स्वतः काढतं. मार्च ते जून दर दोन-तीन दिवसांनी ५ ते ८ लिटर, संध्याकाळी. बुंध्याभोवती केळीचा वाळलेला पाला चार बोटं जाड पसरा, रावेर-यावलकडे तो हवा तेवढा मिळतो. फक्त खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा आडोसा किंवा ५० टक्क्यांचं शेडनेट, उष्ण वाऱ्यासाठी. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरे डाग आले तर घाबरू नका, करवंद थोडा क्षार सोसतं. फार जमले तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, म्हणजे ममुराबाद, पाल, धुळे किंवा कोळद्याला, माती-पाण्याचा नमुना तपासून घ्या. दुसऱ्या उन्हाळ्यापासून आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे. फार पाणी आणि फार युरिया दिलात तर पाला भरपूर, फळ नावाला. आच्छादन बदलताना पाल्याबरोबर सळईही ओढली जाते, तेव्हा पट्टी जागेवर आहे का बघा.

छाटणी फळ संपल्यावरच. फुलं फांदीच्या टोकांना येतात. हिवाळ्याच्या शेवटी झाड नीटनेटकं करायला गेलात तर त्या वर्षाची फळं तुम्हीच कापली. पहिली दोन वर्षं बुंध्यातून येणारी बारीक फूट काढून तीन-चार जाड खोडं ठेवा. नंतर मेलेल्या आणि एकमेकीत अडकलेल्या फांद्या काढा, बस्स. चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा. कापलं की पांढरा चीक उडतो, डोळ्यात गेला तर आग होते. हाताला लागलेला चीक तेलाने निघतो, नुसत्या साबणाने नाही. कापलेल्या फांद्या त्याच दिवशी गोळा करा. वाळलेला काटा चपलेच्या तळातून आरपार जातो, सायकलच्या ट्यूबचं तर बोलूच नका.

झाडं वाढवायची तर जुलै-ऑगस्टात गुटी: पेन्सिलीएवढी फांदी, इंचभर साल गोल काढा, चीक थांबेपर्यंत पुसा, मुळं फुटायची पावडर, ओलं मॉस (शेवाळ), प्लास्टिक, घट्ट दोरी. साधारण दोन महिन्यांत मुळं दिसतात. गुटी बांधतानाच तिला पट्टी बांधा, उतरवताना नव्हे. झाडाखाली चार गुट्या एकदम उतरवल्या की कोणती कोणाची ते सांगता येत नाही. बी पेरायचं तर फळातून काढून धुऊन लगेच पेरा, साठवलेलं बी उगवत नाही.

फळं तिसऱ्या वर्षापासून, भरात आलेल्या झाडाला तीन-चार किलो. लोणच्याला कच्ची, खायला पूर्ण रंग आलेली. सगळी एकदम पिकत नाहीत, दोन-तीन तोडे होतात. तोडून मिठाच्या पाण्यात टाका, चीक सुटतो. बुलबुल येतात, जाळी टाका. पहिलं फळ रंगलं की पट्टीवरचं नाव आणि फळ ताडून बघा, नर्सरीनेच चुकीचं दिलं असेल तर पट्टी तेव्हाच बदला, वहीतही.