‘चालतंय की’ म्हणून सही करू नका: घराची वॉरंटी घेण्याआधी या चुका टाळा

जुना फ्लॅट घेतला की हल्ली लोक लगेच घरातल्या सगळ्या वस्तूंची एकत्र वॉरंटी नाहीतर वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घेतात. घ्यावी, माझी काही हरकत नाही. पण सही करण्याआधी घर नीट बघायला दीड तास कुणी काढत नाही. मग तीन-चार महिन्यांनी फोन येतो, "दादा, ते म्हणतात दोष आधीचाच आहे." पुण्यात मी अठरा वर्षं गीझर, एसी, वायरिंगची कामं करतोय. हा फोन आला की जीव तुटतो, कारण तोवर माझ्या हातात काही उरलेलं नसतं.

अशा करारांत बहुतेक वेळा एक अट असते: आधीपासूनचा बिघाड, गंज आणि क्षारांमुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हणजे पैसे भरले त्या दिवशी वस्तू कशी होती, यावर सगळं अडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बटण दाबायचं, दिवा लागला की पुढच्या खोलीत जायचं. वाघोलीत एका जोडप्याने चार वर्षं जुना टू बीएचके घेतला. सोसायटीला पाणी टँकरचं आणि बोअरचं. आधीच्या मालकाने गीझर तसाच ठेवला होता. यांनी नळ सोडला, गरम पाणी आलं, वॉरंटी घेतली. तिसऱ्या महिन्यात गीझरखाली थेंब पडू लागले. वॉरंटीवाल्यांचा माणूस आला, फोटो काढले आणि दावा नाकारला. मग मला बोलावलं. मी खालची प्लेट उघडली तर आधी पाणी आलं आणि मागोमाग अंड्याच्या कवचासारखे पांढरे पापुद्रे, अर्धी बादली भरली. कॉइल क्षाराने मनगटाएवढी जाड झालेली. टाकीला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, तिची नुसती मधली तार शिल्लक होती. हे तीन महिन्यांत होत नाही. नाकारणारा माणूस चुकला नव्हता, हेच मला जास्त लागलं.

म्हणून माझी सवय सांगतो. गीझर पूर्ण गार असताना चालू करायचा आणि शेजारी उभं राहायचं. 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गीझर साधारण वीस मिनिटांत तापून आपोआप बंद व्हायला हवा. आतून खदखद, कडकड आवाज आला तर क्षार साचलाय. खालच्या नटांभोवती तांबूस डाग आहेत का, ते मोबाईलच्या टॉर्चने बघायचं. आणि आधी सर्व्हिसिंग करून नवी कांडी बसवून घ्यायची, वॉरंटी नंतर. थोडे पैसे वाचवायला यात घाई करणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

दुसरी चूक अर्थिंगची. सगळे वस्तू बघतात, भिंतीतली वायर कुणी बघत नाही. वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि लोक म्हणतात, "चप्पल घालून लावतो आम्ही." असं करू नका, माणूस जातो यात. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर मीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण 230 व्होल्ट हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन. डीबीत, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीत, 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का बघा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबा. लाइट गेली नाही तर तो बदलायचा, त्याच आठवड्यात. सदोष वायरिंगमुळे बोर्ड जळाला तर वॉरंटी तिथेही हात वर करते.

एसी डिसेंबरच्या सकाळी तपासू नका. दुपारी खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत आठ-दहा अंशांचा फरक हवा.

फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. सहज निघाला तर गास्केट, म्हणजे दाराचं रबर, गेलं.

इन्व्हर्टर मेन स्विच पाडून पंखे-दिव्यांवर अर्धा तास चालवायचा, नुसता दिवा बघून नाही.

प्युरिफायरचे फिल्टर, चिमणीची जाळी यांना ‘झिजणाऱ्या वस्तू’ म्हणून वगळलेलं असतं. ते विचारूनच घ्या.

बिल आधीच्या मालकाकडून मागून घ्या, प्रत्येक वस्तूच्या सीरियल नंबरचा फोटो आणि चालू असतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी काढा, आणि स्वतःलाच मेल करा म्हणजे तारीख राहते. सापडलेला दोष वॉरंटीवाल्यांपासून लपवू नका, आधी दुरुस्त करून पावती ठेवा.

इमारत नवी असेल तर आणखी एक. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा दोष दिसला तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. बाथरूमची गळती, भिंतीतल्या पाइपची गळती यांसाठी आधी बिल्डरला लेखी कळवा. तेच काम वॉरंटीत वेगळे पैसे भरून विकत घेणारी माणसं मी बघितली आहेत.

आणि घर बघायला गुरुवारी जाऊ नका. पुण्यात पाणी नाहीतर वीज दुरुस्तीसाठी बंद असते ती बऱ्याचदा त्याच दिवशी, आणि कोरड्या नळाखाली गीझर तपासता येत नाही.